शरीफाखालाच्या टेपमधली गप्प जागा

रियाधमधल्या मलाझच्या बागेला दुसरा फेरा घालून झाला, तरी सुनीतीच्या तोंडून ती गोष्ट बाहेर पडेना. शरीफाखाला नेहमीसारखी पुढे. एका हाताने अबायाचा घोळ उचललेला, पायात मुलाने आणून दिलेले पांढरे बूट, आणि तोंड चालू. गुडघे धरतात म्हणून सुनीतीनेच तिला चालायची सवय लावली होती. आता या पासष्टीच्या बाईमागे सुनीतीलाच धापा टाकत जावं लागायचं.

"काय गो नर्सबाई, दम लागला? हॉस्पिटलात तर सगळ्यांना सांगत फिरतेस, चाला म्हणून."

"दम नाही लागला, खाला. विचार करतेय."

"चालताना विचार करू नये. पाय अडखळतो."

सांगावं तर खालाचं मन मोडणार होतं. न सांगावं तर शुक्रवारच्या कार्यक्रमातून खालाची धून जाणार होती, आणि महिन्याच्या शेवटी खाला स्वतःच जाणार होती. मुलाची, नबीलची, बदली दुसऱ्या देशात झालेली, आणि तिचा व्हिसा त्याच्याच नावावर. तिच्या पासपोर्टावर एक्झिटचा शिक्का बसला होता. रियाध संपलं की मग जयगड, कायमचं.

खाला मूळची जयगडच्या खाडीकाठची. लग्न होऊन इथे आली तेव्हा विशीचीही नव्हती. नवरा नूरुद्दीन बथ्याच्या बाजारात टीव्ही आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचा. त्या काळी या देशात सिनेमाचं थेटर नव्हतं. गावाहून कोणी सुट्टी संपवून परतलं की त्याच्या बॅगेत मसाला, सुके बोंबील आणि एखादी व्हिडिओ कॅसेट असायचीच. मग ती कॅसेट घरोघर फिरायची. आज या घरी, उद्या त्या घरी, कधी बसने जेद्दापर्यंतसुद्धा. अशीच फिरत फिरत एकदा 'खाडीपलीकडे' नावाच्या सिनेमाची कॅसेट त्यांच्या दारी आली.

संगीत विश्वनाथ आजरेकरांचं. आजरेकरांची गाणी आपल्याकडे लग्नाच्या मांडवात वाजतात, शाळेच्या गॅदरिंगला वाजतात, रिक्षात वाजतात. या सिनेमात मात्र एकही गाणं नव्हतं. नुसतं प्रसंगांच्या मागचं संगीत. लोक आजरेकरांची गाणी ऐकायला म्हणून तिकीट काढून गेले आणि फसवल्यासारखे बाहेर आले. आठवड्यात सिनेमा उतरला. पुढे आजरेकरांवर पुस्तकं निघाली, सत्कार झाले, पण 'खाडीपलीकडे'चं नाव निघालं तर एखाद्या ओळीत, तेही फसलेलं काम म्हणून. त्याची रेकॉर्ड कधी निघाली नाही, आणि इंटरनेटवर शोधलं तरी काही सापडत नसे.

खालाला मात्र ते संगीत असं लागलं की सुटलंच नाही. सिनेमाच्या शेवटी खाडी पार करणारी एक होडी वाऱ्यात सापडते, आणि होडीवाल्याची बायको काठावर उभी असते. कोणी एक शब्द बोलत नाही. नुसतं पाणी, होडी आणि आजरेकर. खाला स्वतः खाडीकाठची, आणि तेव्हा नवीनच परमुलखात आलेली. होडी निघाली तेव्हाच तिच्या डोळ्यांचं पाणी थांबेना, म्हणून नूरुद्दीनने कॅसेट तिथेच थांबवून जराशी मागे घेतली, टीव्हीच्या इअरफोनच्या भोकात वायर खोचली, तिचं दुसरं टोक टेपरेकॉर्डरला जोडलं आणि बायकोसाठी तेवढं संगीत उतरवून घेतलं. सकाळी कॅसेट पुढच्या घरी गेली. टेप राहिली.

ती टेप पुढची चाळीसेक वर्षं वाजली. खालाच्या घरी चहा प्यायलेल्या माणसाने ती ऐकली नाही असं झालं नाही. सुरुवातीला एकटी बासरी. ती भटकत भटकत खाडीच्या मध्यापर्यंत जाते आणि तिथे सूर विरत विरत अगदी बंद होतो. मग कितीतरी वेळ काहीच नाही. आणि मग झोपेतून माणूस उठावा तसे सूर मधूनच उठतात आणि शांतपणे किनाऱ्याला लागतात.

"बघ," खाला त्या शांततेत बोट वर करून सांगायची, "होडी मधोमध आली की आजरेकर गप्प बसतो. दुसरा कोणी असता तर ढोल बडवले असते. कुठे गप्प बसायचं ते कळायला मोठा माणूस लागतो."

नूरुद्दीन करोनाच्या साली गेला. तेव्हापासून खाला टेप जास्तच लावायची.

यंदा मराठी मंडळाने आजरेकरांच्या गाण्यांची संध्याकाळ ठरवली. वाद्यवृंद बसवायचं काम इंद्रनीलकडे. तो इंजिनिअर, कीबोर्ड फार सुरेख वाजवतो. मंडळाच्या दिवाळीला खालाच्या घरची सांदणं सगळ्यांनी वर्षानुवर्षं खाल्लेली. तिने त्याला घरी बोलावलं, टेप ऐकवली आणि म्हणाली, "बाबा, मी चालले. जायच्या आधी ही एकदा माणसांसमोर वाजलेली ऐकायची आहे. चाळीस वर्षं एकटीच सांगत आलेय चांगली आहे म्हणून. लोकांना ठरवू दे."

इंद्रनीलला नाही म्हणवेना. त्याने टेप फोनमध्ये घेतली, सूर लिहून काढले, सगळ्यांना वाटले. हरीशकडे बासरी. सुनीतीकडे पेटी. तिचे वडील कोरेगावकडे भजनात पेटी वाजवायचे, त्यांच्या शेजारी बसून ती शिकलेली. या धूनमध्ये पेटीला काम फारसं नव्हतं. मागे एक सूर धरून बसायचं, इतकंच.

तालमीत धून त्या शांततेपाशी आली की घोटाळा व्हायचा. पहिल्या दिवशी ढोलकीवाल्याने तेवढ्यात मोबाइल पाहून घेतला. दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी मुलीने मोठ्याने विचारलं, "फिनिश झालं का?" आणि सगळे हसले. इंद्रनीलने कपाळावर हात मारला.

"खाला, ही गप्प जागा काढू या. पुढचं मागचं जोडून घेतो."

"टीव्ही दुरुस्त करणाऱ्याची बायको आहे मी. मधली वायर कापून जोडली की काय होतं ते मला सांगू नकोस."

"लोक उठून चहाला जातील हो."

"जाऊ देत. बसतील त्यांच्यासाठी वाजवा."

"आणि हसले तर? तुमच्या आवडीवर लोक हसलेले मला बघवणार नाहीत."

खाला हटली नाही. वाजवाल तर अख्खी, नाहीतर नको. शेवटी कमिटीने ठरवलं, नको. इंद्रनील एवढंच म्हणाला की कार्यक्रमपत्रिका सोमवारी छापायला जाईल, तोवर खालाने विचार बदलला तर कळवा.

हे शनिवारचं. रविवारी संध्याकाळी सुनीती ड्यूटीवरून घरी आली. हातपाय धुतले, कपाटाचं दार उघडून आत मांडलेल्या देवांसमोर निरांजन लावलं, आणि एकदा शेवटची म्हणून फोनवर खालाची धून लावून स्वयंपाकाला लागली. बासरी रंगात आली आणि समोरच्या मशिदीत अजान सुरू झाली. सुनीतीने आवाज बंद केला. कणकेचा हात फोनला लागला म्हणून तिचं लक्ष गेलं, नाहीतर गेलंही नसतं. इतकी वर्षं इथे राहून तो हात आपोआप जायचा. मलाझच्या कुठल्याही घरात जायचा, देव कोणतेही असोत. टीव्ही असो, मोबाइल असो, अजान सुरू झाली की आवाज खाली. संपली की वर.

अजान संपली. सुनीतीने आवाज वर केला. धून पुढे गेली होती आणि मधूनच ऐकू आली. झोपेतून माणूस उठावा तशी.

ती कणकेच्या हातांनी तशीच उभी राहिली. मग तिने धून पुन्हा पहिल्यापासून लावली आणि ती गप्प जागा कान देऊन ऐकली. सूर तुटत नव्हता. कोणी बटण हळूहळू पिळावं तसा विरत होता. आणि येतानाही तसाच, बटण फिरवल्यासारखा चढत होता. मधली शांतता एका अजानीएवढी. वायर टीव्हीच्या इअरफोनमधून घेतलेली. टीव्हीचा आवाज गेला की टेपमधलाही गेला.

आजरेकर गप्प बसलेच नव्हते. नूरुद्दीनने अजानीला टीव्ही बंद केला होता.

आणि आज सोमवार. पत्रिका संध्याकाळी छापायला जाणार. तिसरा फेरा सुरू झाला तेव्हा सुनीतीने मनात देवाचं नाव घेतलं आणि खालाचा हात धरून तिला थांबवलं.

"खाला, एक विचारू? टेप उतरवली तेव्हा वेळ कुठली होती?"

"मगरीबच्या आसपास, दिवेलागणीला. का गो?"

मग सुनीतीने सगळं सांगितलं. कणकेचा हात, फोन, विरणारा सूर. सांगताना तिने खालाकडे पाहिलंच नाही, समोरच्या खजुराच्या झाडाकडे पाहत बोलत राहिली.

खाला बाकावर जाऊन बसली. उजवा हात वर करून तिने हवेतच एक बटण डावीकडे फिरवलं. थांबली. मग उजवीकडे फिरवलं.

"असाच करायचा," ती म्हणाली. "दोन बोटांनी. हळू. खाडकन बंद केलं तर मशीनला धक्का बसतो म्हणायचा."

"खाला, वाईट वाटून घेऊ नका. मला सांगावं की नाही..."

खालाचे खांदे हलायला लागले. सुनीतीला वाटलं, रडतेय. ती जवळ सरकली तर खाला हसत होती. अबायाच्या आत सगळं अंग गदगदत होतं.

"चाळीस वर्षं," तिला धड बोलता येईना, "चाळीस वर्षं सगळ्या रियाधला सांगत फिरले, आजरेकर किती मोठा, आजरेकर किती मोठा. आणि तो माझा नवरा निघाला."

सुनीतीलाही हसू आवरेना. बागेत फिरणारी दोन-चार माणसं वळून बघायला लागली. मग खालाने डोळे पुसले आणि एकदम ताठ बसली.

"म्हणजे तिथे काहीतरी आहे."

"कुठे?"

"त्या जागी. होडी काठाला येते तो भाग आहे तो. मी होडी येताना बघितली, सुनीती. ऐकली नाय."

तिने तिथेच बसून जेद्दाला फोन लावला. तिचा दीर कादिर तिथल्या बलदच्या जुन्या बाजारात दुकान चालवतो. हज-उमराला येणाऱ्यांसाठी इहरामचं कापड, तसबीच्या माळा, अत्तर. रियाधहून कॅसेट शेवटी त्याच्याकडे गेली होती आणि तिथून पुढे कुठेच गेली नव्हती, हे खालाला पक्कं ठाऊक होतं.

"कादिर, ती खाडीची कॅसेट कुठे आहे?"

"भाभी, सलाम नाय, दुवा नाय..."

"सलाम. आता सांग."

"ती मी तेव्हाच परत दिली."

"कोणाला दिलीस?"

खालाने सुनीतीकडे पाहून भुवया उडवल्या. मग फोनमधून आवाज आला, "बघतो."

"बघतो नाय. माळ्यावर चढ. यल्ला."

सुनीतीने कळवलं तसं संध्याकाळी इंद्रनीलने छापखान्याला थांबवून ठेवलं. आठ वाजायच्या सुमारास कादिरचा फोन आला. इहरामच्या गठ्ठ्यांमागे कॅसेट होती. पुठ्ठ्याचा खोका गेला होता, पण वर नूरुद्दीनच्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'पाहून लगेच परत करणे'.

"वाचलं होतंस कधी?" खालाने विचारलं.

"भाभी, खलास. उद्याच्या विमानाने घेऊन येतो," कादिर म्हणाला.

आणि आला. कॅसेट मांडीवर घेऊन विमानात बसला म्हणे, सामानात टाकली नाही. आता ती लावायची कशावर हा प्रश्न. तर खालाच्या कोठीत नूरुद्दीनचा व्हीसीआर होता, चादरीत गुंडाळलेला. त्याच्या हातचं दुरुस्त केलेलं मशीन. इंद्रनीलने वायर लावली आणि ते घरघरून सुरू झालं.

"खाला, या ना ऐकायला."

"मी नाय. मी लोकांबरोबर ऐकणार," असं म्हणत खाला स्वयंपाकघरात गेली, नळ मोठा सोडला, पंखाही लावला आणि आतून ओरडली, "झालं की सांगा, पाणी फुकट चाललंय."

सुनीती आणि इंद्रनीलने एकेक इअरफोन कानाला लावला. चित्र मधूनमधून फाटत होतं, आवाज मात्र स्वच्छ होता. बासरी आली. खाडीच्या मध्यापर्यंत गेली. आणि जिथे ती विरायची तिथे विरली नाही. तिथे तीच धून पेटीने उचलली. बासरीत एकटी वाटणारी धून पेटीत आली की घरातल्या माणसासारखी वाटायला लागली. मागून व्हायोलिनं आली, मग ढोलकी, भात कांडताना बायकांचे हात पडतात त्या ठेक्यावर. होडी लाटेवर चढत होती, उतरत होती, आणि प्रत्येक वेळी धून एक पायरी वर जात होती. शेवटी सगळी वाद्यं एकदम मिळाली आणि होडीचं नाक वाळूला लागलं. काठावरची बाई पाण्यात धावत सुटली, आणि तिच्यामागून टेपच्या शेवटचे ते ओळखीचे शांत सूर आले.

इंद्रनीलने इअरफोन काढून हातात धरला.

"हा तर सगळ्या सिनेमाचा कळस आहे," तो हळू बोलला. "आणि लोक म्हणाले गाणं नाही."

"पेटीला आता काम आलं," सुनीती म्हणाली.

"पत्रिकेत शेवटी टाकतो. सगळ्यात शेवटी."

आतून नळाच्या आवाजावरून खाला ओरडली, "ईशाच्या, रात्रीच्या नमाजानंतर ठेव रे बाबा. नाहीतर परत तेच व्हायचं."

त्या आठवड्यात सुनीती ड्यूटी संपली की पेटीवर बसायची. पेटीची ती जागा सोपी नव्हती. बोटं बरोबर पडायची, पण धून नुसती वाजायची, होडी काही हलायची नाही. गुरुवारी सकाळी देवाला हात जोडताना तिला वडील आठवले. भजनात अभंग चढायला लागला की ते डोळे मिटायचे आणि भाता थोडा आधी ओढायचे, जणू पुढच्या सुराला घ्यायला दारापर्यंत जायचे. तिने तसा भाता ओढून पाहिला. होडी हलली.

शुक्रवारी शहराबाहेरची इस्तिराहा भाड्याने घेतली होती. मोठं अंगण, मधे हिरवळ, एका बाजूला स्टेज, मागे चुलीवर बिर्याणीची पातेली. मंडळाची माणसं होतीच, शिवाय खालाच्या ओळखीची रत्नागिरी-रायगडची कितीतरी घरं आली होती. आजरेकरांची गाणी झाली, लोकांनी सोबत म्हटली. मध्यंतरात पुरुष नमाजाला गेले, परतले. मग इंद्रनील माइकसमोर आला.

"आता गाणं नाही," तो म्हणाला. मागच्या बाजूला खुर्च्या सरकल्या, दोघे-तिघे उठले. "आजरेकरांचं हे काम त्या वेळी कोणी ऐकलं नाही. आमच्यात एकच माणूस होतं ज्याने ऐकलं, आणि त्यांच्या टेपमध्येसुद्धा यातला सगळ्यात सुंदर भाग नव्हता. तो त्या आज पहिल्यांदा ऐकतील. त्या समोर बसल्यात."

सगळ्यांनी माना वळवून पाहिलं. उठलेले बसले. खाला पहिल्या रांगेत होती, एका बाजूला नबील, दुसऱ्या बाजूला कादिर. दोन्ही हात मांडीवर घट्ट.

हरीशने बासरी ओठांना लावली. अंगण गप्प झालं. बासरी निघाली, भटकली, मध्यापर्यंत आली. सुनीतीने एकदाच वर पाहिलं. खालाची नजर तिच्यावरच होती. ज्या जागी चाळीस वर्षं सूर विरला होता त्या जागी खालाची दोन बोटं मांडीवरच जरा हलली, डावीकडे.

सुनीतीने डोळे मिटले, भाता ओढला आणि धून उचलली.

नंतरचं तिला नीट आठवत नाही. ठेका पाठीमागून आला तो आठवतो. आणि हे आठवतं की शेवटच्या चढाला अंगणातून टाळ्या पडू लागल्या, कोणी न सांगता, ढोलकीच्या हातावर. होडी लागली. शेवटचा सूर थांबला आणि अंगणभर लोक उभे होते. मागे बिर्याणीवाला हातात डाव घेऊन उभा होता. "पुन्हा," कोणीतरी म्हणालं, मग सगळीकडून, "पुन्हा, पुन्हा." इंद्रनीलने हरीशकडे पाहिलं, हरीशने सुनीतीकडे, आणि होडी पुन्हा एकदा खाडीत निघाली.

खाला उभी राहिली नव्हती. कादिर तिच्या कानात काहीतरी सांगत होता आणि ती मान हलवत होती, हसतही होती आणि ओढणीने नाकही पुसत होती. कार्यक्रम संपल्यावर तिच्याभोवती गर्दी झाली. 'खाडीपलीकडे' कुठे मिळेल, रेकॉर्डिंग पाठवा, आजरेकरांचं हे आम्हाला कसं ठाऊक नाही. कालपर्यंत चहाच्या कपाबरोबर टेप निमूट ऐकणारी माणसं आज तिला विचारत होती. खाला सगळ्यांना एकच सांगत होती, "मी सांगत नव्हते?"

जायच्या आदल्या दिवशी दोघी पुन्हा बागेत चालल्या. या वेळी हळू. इंद्रनीलने पूर्ण संगीताचं रेकॉर्डिंग खालाच्या फोनमध्ये घालून दिलं होतं आणि ती वाटेत तिसऱ्यांदा ते ऐकत होती. बाकापाशी आल्यावर तिने पिशवीतून जुनी टेप काढली आणि सुनीतीच्या हातात दिली.

"ही तुझ्याकडे राहू दे. जयगडच्या हवेत बुरशी धरेल. इथलं कोरडं बरं."

"खाला, ही तुमची टेप. आणि आता तुमच्याकडे पूर्ण आहे ना."

"पूर्ण आहे म्हणूनच देतेय. ऐकायला मला फोन पुरे." तिने टेपवर बोट ठेवलं. "आजरेकर फोनमध्ये आलाय. नूर अजून टेपमध्येच आहे."

सुनीतीने टेप दोन्ही हातांत घेतली.

"कधी सवड झाली की लाव," खाला म्हणाली, "आणि ती गप्प जागा आली ना बाय, की पुढे पळवू नकोस. अजान संपेपर्यंत बसून राहा."